मूल घरी कधी जाणार? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

बालगृहातल्या मुलांना पुन्हा घरी नेणं आणि त्या कामात मुलाच्या बाजूने उभे राहणारे स्वयंसेवक, या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. नावं गाळली आहेत. खाली ‘कायदा’ म्हटलं आहे तो बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ आणि ‘समिती’ म्हणजे जिल्ह्याची बाल कल्याण समिती.

प्रश्न : नवरा वारल्यावर हाताला काम नव्हतं. म्हणून दोन मुलांना (मुलगा १२, मुलगी ९) समितीपुढे नेऊन बालगृहात ठेवलं. आता पोळी-भाजी केंद्रात काम आहे, भाड्याची एक खोली आहे. मुलं परत पाहिजेत म्हणून दोनदा विचारलं. ‘पुढच्या तारखेला बघू’ म्हणतात. पुढे काय करू? (एक आई, परभणी जिल्हा)

उत्तर : ताई, विचारलंत ते तोंडी. तोंडी विचारलेलं फाईलला लागत नाही, आणि समिती फाईल बघून चालते. साध्या कागदावर ‘अध्यक्ष, बाल कल्याण समिती’ यांच्या नावाने अर्ज लिहा. त्यात मुलांची नावं-वयं, प्रकरण क्रमांक, मुलं कधी दाखल झाली, तेव्हाचं कारण काय होतं आणि आता काय बदललं, एवढं हवं. शिवाय तुम्ही कुठे राहता, घरात आणखी कोण असतं, मुलं कोणत्या शाळेत जातील, तुम्ही कामावर असताना त्यांच्याकडे कोण बघेल, हेही लिहा. अर्जाच्या तीन प्रती करा. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. तिसरी झेरॉक्स बालगृहाच्या अधीक्षकांना द्या. समितीच्या आदेशाशिवाय ते मुलाला सोडू शकत नाहीत, पण समितीने विचारलं की पहिलं मत त्यांचंच जातं.

संध्याकाळी चार ते आठ मुलांकडे कोण बघणार, हा प्रश्न पगाराच्या आकड्यापेक्षा जास्त वजनाचा असतो. ‘शेजारी आहेत’ असं मोघम लिहू नका. शेजारणीचं नाव, वय, फोन लिहा, तिची तयारी असेल तर चार ओळींचं पत्र जोडा. सासू किंवा भाऊ असेल तर त्यांचं.

अर्ज आला की समिती गृहचौकशी सांगते. कागदावर तिचं नाव सामाजिक तपासणी अहवाल, नमुना २२. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा कार्यकर्ता घरी येतो. मूल पहिल्यांदा समितीपुढे आल्यावर ही तपासणी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा, असं कायदा सांगतो. तोच हिशेब मनात ठेवून पंधरा दिवसांनी चौकशी करा. काम अडतं ते बहुतेकदा फार साध्या गोष्टीवर. कार्यकर्ता सकाळी अकराला येतो, तुम्ही कामावर, दाराला कुलूप. अहवालात ‘घर बंद आढळले’ असं पडतं आणि महिना जातो. म्हणून अर्जातच लिहा की घरी किती वाजता भेटाल, सुट्टीचा वार कोणता, घरमालकाचा फोन काय. भाडेकरार नसेल तर मालकाचं पत्र आणि वीजबिलाची झेरॉक्स द्या. खोली एकच आहे याची लाज बाळगू नका. कार्यकर्त्याने बघायचं असतं ते हे, की घर सुरक्षित आहे का, पाणी-संडासाची सोय काय, घरात दारू किंवा मारहाण आहे का, आणि मुलांची वाट कोणी बघतंय का.

आणखी एक अडचण म्हणजे मुलगा मुलांच्या बालगृहात, मुलगी मुलींच्या. दोन फायली, दोन तारखा. ‘दोघं भावंडं असून दोन्ही प्रकरणं एकाच तारखेला घ्यावीत’ हे वाक्य अर्जात हवंच. अंतिम आदेशाच्या वेळी समितीचे किमान तीन सदस्य हजर लागतात. दोनच आले तर तारीख पुढे जाते, त्यात तुमचा दोष नसतो. निघण्यापूर्वी फोन करून ‘आज किती सदस्य आहेत’ विचारलंत तर एक दिवसाची मजुरी वाचेल.

पैशांचं. केवळ गरिबी हे मुलाला कुटुंबापासून वेगळं ठेवण्याचं कारण असू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय हे आपल्या कायद्याच्या तिसऱ्या कलमातलं तत्त्व आहे. त्यासाठीच योजना आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात. त्याला उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये. एकाच मुलासाठी दोन्हीकडे अर्ज करून ठेवू नका. कोणत्यात बसता ते बाल संरक्षण कक्षातल्या संस्थाबाह्य संरक्षण अधिकाऱ्यांना आधी विचारा. कागद साधारण हेच लागतात : तुमचं आणि मुलांचं आधार, शिधापत्रिका, पतीचा मृत्यू दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक, मुलांसोबत घरासमोर काढलेला फोटो. उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो, तो आजच काढायला टाका. आणि योजनेचा अर्ज मुलं घरी आल्यावर करू, असं म्हणू नका. ताब्याच्या अर्जासोबतच मागणी करा, म्हणजे एकाच आदेशात दोन्ही होऊ शकतं. मुलं घरी आली आणि पहिला हप्ता चार महिन्यांनी आला, तर ते चार महिनेच घर मोडतात.

शाळेसाठी एप्रिलपर्यंत थांबा, असं कोणी सांगेल. वर्ष संपत आलं असेल तर ते शहाणपणाचं आहे. पण सप्टेंबरात सांगत असतील तर ऐकू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही आणि शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, हेही कारण चालत नाही.

आदेश देताना तुमच्याकडून हमीपत्र घेतात. सही करण्याआधी वाचून घ्या किंवा वाचून दाखवायला सांगा. मुलांना कोणत्या तारखांना हजर करायचं हे त्यात असतं. समितीने नाकारलं, तर कारणांसह लेखी आदेशाची प्रत मागा. त्यावर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. वकील मोफत मिळतो, जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : शिक्षकी पेशातून निवृत्त झालो. बालगृहातल्या मुलांसाठी वेळ द्यायचा आहे, पण वाढदिवसाला केक नेण्यापुरता नाही. (नाशिक)

उत्तर : केकवाले पुष्कळ येतात, विशेषतः ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत. एका मुलाची फाईल दोन वर्षं धरून बसणारा माणूस मिळत नाही. तुम्ही ते करणार असाल तर वाटा तीन आहेत.

पहिली वाट विधी स्वयंसेवकाची. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अर्ज मागवतं, प्रशिक्षण देतं, ओळखपत्र देतं. कामाच्या दिवसाचं थोडं मानधनही असतं. दुसरी, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) प्रकरणात मुलासोबतची सहाय्यक व्यक्ती. सगळेजण ‘सपोर्ट पर्सन’च म्हणतात. पोक्सो नियम २०२० प्रमाणे समिती ही नेमणूक करते. मुलाला आणि पालकांना तपास-खटल्याची माहिती देत राहणं हे तिचं काम, आणि खटला संपेपर्यंत समिती तिच्याकडून दर महिन्याला अहवाल मागते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही नेमणूक ऐच्छिक समजू नका असं बजावल्यापासून माणसांची गरज वाढली आहे. पण यात न्यायालयाच्या पायऱ्या खूप आणि मन घट्ट लागतं. पहिलंच काम म्हणून आम्ही हे सुचवणार नाही. तिसरी वाट म्हणजे बालगृहांत आधीपासून काम करणाऱ्या संस्थेमार्फत जाणं. संस्थेकडे महिला व बालविकास विभागाची लेखी परवानगी आहे का, हे आधी विचारा. तिने तुमची पोलीस पडताळणी मागितली नाही, तर ती संस्था सोडा. जी तुमची चौकशी करत नाही ती कोणाचीच करत नसणार.

काम काय, तर फाईल झोपू न देणं. मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा (नमुना ७) झाला आहे का ते विचारायचं. तो बरेचदा असतो, पण सगळ्या मुलांचा एकसारखा, ‘शिक्षण देणे, समुपदेशन करणे’ असा. मग अधीक्षकांना आणि बालकल्याण अधिकाऱ्यांना शांतपणे विचारत राहायचं : या मुलाला घरी जायला नेमकं काय अडतंय? ते कोण दूर करणार? कोणत्या तारखेपर्यंत? आणि हे सगळं मुलाला कोणी सांगितलंय का? चौथ्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी शांतता पसरते.

समजा उत्तर आलं, ‘दुसऱ्या जिल्ह्यातून गृहचौकशी यायची आहे.’ मग पत्र कधी गेलं, जावक क्रमांक काय, ईमेलही केला का, तिकडे फोन कोणी उचलला, हे टिपून घ्यायचं आणि आठवड्याने पुन्हा विचारायचं. ऊसतोडीच्या भागात तर हंगाम बघूनच पत्र पाठवावं लागतं. दिवाळीनंतर टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. जानेवारीत गावी गेलेला कार्यकर्ता कुलूपच बघणार. अशा वेळी मुकादमाकडून कारखाना विचारून घेऊन, त्या जिल्ह्याच्या कक्षाने कोपीवर (ऊसतोड कामगारांच्या झोपडीवर) जाऊन आई-बापांना भेटावं, अशी विनंती समितीकडे करता येते. हे कोणाला सुचत नाही, कारण फाईलवर पत्ता गावचा असतो.

न करायच्या गोष्टी शिक्षकांना जड जातात, म्हणून सांगतो. ‘पुढच्या महिन्यात आई येईल’ असं म्हणायचं नाही, तुम्हाला कितीही खात्री असली तरी. मुलाला घरी न्यायचं नाही, फोन द्यायचा नाही, एकालाच भेटवस्तू द्यायची नाही. घडलेला प्रसंग ‘काय झालं होतं रे’ म्हणून उकरायचा नाही. ती मुलं तो तीन-चार जणांना सांगून थकलेली असतात. आणि एका वेळी एक किंवा दोनच मुलं घ्या. पाच घेतलीत तर पाचांची नावं तेवढी लक्षात राहतील.

प्रश्न : पोटच्या लेकराला दत्तक देण्यासाठी समर्पणपत्रावर सही केली, आता पश्चात्ताप होतोय, असं एका ओळखीच्या मुलीचं झालं आहे. वेळ गेली का? (कोल्हापूर)

उत्तर : सही केल्या दिवसापासून दोन महिने विचार बदलायला मिळतात. मुदत चालू असेल तर आजच समितीकडे लेखी अर्ज द्या, संस्थेला तोंडी सांगून घरी येऊ नका. मुदत संपून मूल दत्तकासाठी कायदेशीर मोकळं जाहीर झालं की पुढचं सगळं अवघड होतं. त्या मुलीला एकटीला पाठवू नका, आणि तिच्यावर बोट ठेवणारं कोणी सोबत नेऊ नका.

प्रश्न : पुण्यातल्या एका बालगृहात मी शनिवारी जाते. तेरा वर्षांचा मुलगा म्हणतो, घरी जायचं नाही. आई-वडील दोघं आहेत, समितीचं मत घरी पाठवावं असं आहे. मी कोणाच्या बाजूने लिहू?

उत्तर : ‘नाही’ मागे काय आहे ते कळेपर्यंत कोणाच्याच बाजूने लिहू नका. मुलाचं म्हणणं वयानुसार विचारात घेतलंच पाहिजे, हे कायद्याचं तत्त्व आहे. पण त्याचा शब्द शेवटचा असतोच असं नाही.

‘नाही’ची कारणं वेगवेगळी असतात आणि दिसायला सारखी दिसतात. घरातल्या कोणाची तरी भीती हे पहिलं. तसं काही त्याने सांगितलं, लैंगिक अत्याचाराचं असेल तर विशेषच, तर ते मनात ठेवायचं नाही आणि खोदायचंही नाही. पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावरही बंधनकारक आहे, ‘आधी मॅडमना विचारते’ यात वेळ घालवू नका. दुसरं कारण राग : ‘मला टाकलं होतं, आता कशाला बोलावता?’ तिसरं कामाचं. घरी गेलो की शाळा सुटून वीटभट्टी लागणार, हे मुलाला पालकांपेक्षा आधी कळतं. चौथं अगदी साधं, इथे मित्र आहेत, क्रिकेटची टीम आहे. आणि एक कारण ऐकून चटका बसतो : तीन-चार वर्षांत घरची बोलीच सुटलेली असते. पावरी किंवा कोरकू बोलणाऱ्या घरातलं मूल भेटीला आलेल्या आईशी मराठीत बोलतं, आई गप्प बसते, आणि बघणारा लिहितो, ‘आई-मुलात जिव्हाळा दिसत नाही’.

म्हणून घरी न्यायची घाई नको आणि ‘नाही म्हणतो ना, मग राहू दे’ हेही नको. आठवड्याला ठरलेल्या वेळी फोन, मग भेट, मग बालगृहाबाहेर दोन तास, मग घरी काही दिवस. या शेवटच्या पायरीसाठी कायद्याचं ९८ वं कलम उपयोगी पडतं. परीक्षा, नातेवाइकाचं लग्न, घरातलं आजारपण अशा प्रसंगी मुलाला देखरेखीखाली रजा देता येते, एका वेळी साधारण सात दिवसांपर्यंत, प्रवास वेगळा. मामाच्या लग्नाला गेलेला मुलगा परत येऊन जे बोलतो, त्यातून समुपदेशनाच्या दहा बैठकींपेक्षा जास्त कळतं. आई-वडिलांकडे नसेल, पण आजी-आजोबांकडे जायला तो तयार असेल, तर तेही लिहा. योग्य व्यक्ती म्हणून त्यांच्याकडे ताबा देता येतो.

आता लिहायचं कसं. बघितलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, मत वेगळं. ‘आई बेजबाबदार वाटते’ हे मत झालं. ‘ठरलेल्या तीन भेटींपैकी दोन भेटींना आई आली. तिसऱ्या वेळी का आली नाही हे विचारल्यावर त्या दिवशी निंदणीचं काम होतं असं तिने सांगितलं’ ही नोंद झाली. एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं असलं तरी दोन तालुके ओलांडून येणं म्हणजे एक दिवसाचा रोज बुडणं. भेटीचा वार बदलून बघा आणि मग लिहा. मुलाचं वाक्य त्याच्याच शब्दांत अवतरणात द्या, शुद्ध करू नका. तुमचं मत शेवटी, दोन ओळींत, ‘माझं मत’ असं म्हणून. एक पान पुरे. समितीपुढे दिवसाला इतकी प्रकरणं असतात की पाच पानांतलं पहिलंच वाचलं जातं.

प्रश्न : बालगृहातल्या मुलांसोबतचे फोटो चेहरा पुसट करून टाकले तर चालेल ना?

उत्तर : नाही. ओळख पटेल असा कोणताही तपशील उघड करायला ७४ व्या कलमाने बंदी आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहरा पुसला तरी मागे शाळेची पाटी, गणवेश, संस्थेचं नाव, गाव राहतं. व्हॉट्सॲपवर ठेवलेलं ‘स्टेटस’सुद्धा यात येतं.

प्रश्न : भुसावळला फलाटावर आठ-नऊ वर्षांचा मुलगा सापडला. हिंदी-भोजपुरी मिसळून बोलतो, गावाचं नाव अर्धवट सांगतो. तो आता समितीच्या आदेशाने बालगृहात आहे. घर शोधायला स्वयंसेवक काय करू शकतो?

उत्तर : त्याला समितीपुढे नेलंत हे बरं झालं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यावंच लागतं. पुढच्या वेळी फलाटावरचं मदत केंद्र, रेल्वे पोलीस किंवा १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी.

‘पत्ता सांग’ म्हटलं की मूल गडबडतं. पत्ता ही मोठ्यांची गोष्ट. त्याला दिसलेलं विचारा. शाळेचा शर्ट कोणत्या रंगाचा? गुरुजींना काय म्हणायचे? बाजार कोणत्या वारी भरतो? तिथे कशात बसून जायचं? नदी आहे की पोखर (तळं)? शेतात काय लावतात? जत्रा कोणाची? बाबा कामाला कुठे जातात, तिथून काय आणतात? गाडीत बसला ते स्टेशन केवढं, पूल होता का? मोबाईल नंबरचे शेवटचे तीन आकडे आठवतात का? उत्तरं त्याच्या उच्चारात लिहा. ‘बरका गाँव’ ऐकलं तर ‘बडा गाँव’ करू नका. त्या फरकाने जिल्हा बदलतो. त्या भागातल्या माणसाला अधीक्षकांसमोर मुलाशी गप्पा मारू द्या. भुसावळात असं माणूस मिळायला तोटा नाही, रेल्वे वसाहतीतच मिळेल. पाच मिनिटांत तो ‘हा छपऱ्याकडचा’ किंवा ‘सिवानचा’ असं बिहारमधलं ठिकाण सांगतो. पण मुलाचा आवाज रेकॉर्ड करून गटांत फिरवू नका.

दुसरी वाट आधारची. बालगृहाने मुलाची नवी आधार नोंदणी केली आणि ‘आधीच नोंद आहे’ म्हणून ती नाकारली गेली, तर ती वाईट नव्हे, फार चांगली बातमी. त्याचे ठसे आधी कुठेतरी घेतलेले आहेत. अधीक्षकांनी नोंदणीची पावती जोडून, समितीच्या पत्रासह आधार प्राधिकरणाच्या विभागीय कार्यालयाकडे विचारणा करायची. असं अनेक मुलांचं घर सापडलं आहे. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारला बोटांचे ठसे नसतात, म्हणून पाचव्या वर्षानंतर अद्ययावत केलं नसेल तर हा मार्ग बंद. तुम्ही स्वतः आधार केंद्रात जाऊन माहिती मागू नका, मिळणार नाही आणि मिळूही नये. मिशन वात्सल्य पोर्टलवर मुलाची नोंद फोटोसह झाली आहे ना, एवढं मात्र विचारा.

घर सापडल्यावर लोक सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. दोन दिवसांत एखादा ‘चाचा’ आधारच्या झेरॉक्ससह हजर होतो. तो खरोखर काका असेल किंवा मुलाला कामाला आणणारा ठेकेदार असेल. त्याच्याशी मूल कसं वागतं ते बघा, पण निर्णय त्यावर नको. मूळ जिल्ह्याच्या समितीकडून गृहचौकशी येईपर्यंत ताबा नको, असंच लेखी सुचवा. पुढे ९५ व्या कलमाखाली मुलाची बदली मूळ जिल्ह्याच्या समितीकडे होते. आदेश मिळाल्यापासून १५ दिवसांत विशेष बाल पोलीस पथकाने मुलाला पोहोचवायचं असतं, मुलगी असेल तर महिला पोलीस हवीच. प्रत्यक्षात बंदोबस्त निघतो, आरक्षण मिळत नाही, पंधराचे पन्नास दिवस होतात. पोलीस मिळत नसतील तर बालगृह किंवा बाल संरक्षण कक्षाला सोबत पाठवण्याचा आदेश समिती देऊ शकते. त्या तरतुदीची आठवण करून देणं हे तुमचं काम.

प्रश्न : एडिसन, न्यू जर्सी इथे राहते. इथे ‘कासा’ (मुलासाठी न्यायालयाने नेमलेला) स्वयंसेवक व्हायचं आहे. मराठी बाईचा त्यात काय उपयोग? आणि ते नेमकं कोणाच्या बाजूचे असतात?

उत्तर : मुलाच्या हिताच्या. वकिलाच्या नाही, आईच्या नाही, सरकारी खात्याच्याही नाही. सिॲटलचे न्यायाधीश डेव्हिड सुकप यांनी १९७७ मध्ये ही पद्धत सुरू केली. मुलाला कुठे ठेवायचं हे पुरेशा माहितीशिवाय ठरवावं लागतं, म्हणून त्यांनी सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन न्यायालयाचे डोळे-कान केलं. काम सुरू करण्याआधी साधारण ३० तासांचं प्रशिक्षण, पार्श्वभूमीची तपासणी, न्यायाधीशांपुढे शपथ. नंतर दरवर्षी १२ तास शिक्षण. एका वेळी एक मूल किंवा एक भावंडांचा गट. महिन्यातून किमान एकदा मुलाला प्रत्यक्ष भेटायचं. शाळा, डॉक्टर, पालक, पालनकर्ते सगळ्यांशी बोलायचं आणि सुनावणीआधी अहवाल द्यायचा. न्यू जर्सीत मुलाला ‘लॉ गार्डियन’ हा वकील वेगळा असतो. तो मुलाची इच्छा मांडतो, तुम्ही हित. दोन्ही दर वेळी जुळत नाहीत.

तिथे घड्याळ फार कडक आहे, हे नीट समजून घ्या. १९९७ च्या संघीय कायद्यानुसार गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल पालनगृहात असेल, तर आई-वडिलांचे हक्क संपवण्याचा अर्ज खात्याने करायचा असतो. अपवाद तीन : मूल नातेवाइकाकडे आहे, तसं न करण्याचं सबळ कारण नोंदवलेलं आहे, किंवा पालकांना ठरलेली मदत खात्यानेच पुरवली नाही. स्वयंसेवकाची कसोटी या तिसऱ्यावर लागते. आराखड्यात ‘आईने व्यसनमुक्ती कार्यक्रम पूर्ण करावा’ असं असतं. आईचं नाव प्रतीक्षायादीत कधी गेलं, जागा कधी मिळाली, तिथे जायला बस आहे का, वर्ग तिच्या कामाच्या वेळेत आहेत का, या तारखा कोणी लिहून ठेवत नाही. तुम्ही लिहा. भेटींचंही तसंच : देखरेखीखाली, मग देखरेखीशिवाय, मग रात्रीचा मुक्काम. एकाच पायरीवर सहा महिने गाडी अडली असेल, तर ‘का’ हे अहवालात आलं पाहिजे.

मराठी असण्याचा उपयोग आहे, पण वाटतो तिथे नाही. दुभाषी होऊ नका, ते काम न्यायालय नेमतं. मंडळात ज्यांना गणपतीत भेटता त्यांचं प्रकरण घेऊ नका, आलंच तर पर्यवेक्षकाला सांगून बाजूला व्हा. उपयोग होतो तो वाचण्यात. आजीजवळ झोपणारं मूल, हाताने जेवणं, मोठ्यांच्या नजरेला नजर न देणं, याला कोणी ‘दुर्लक्ष’ किंवा ‘भावनिक अलिप्तता’ म्हटलं तर अर्थ वेगळा असू शकतो, हे तुम्ही सांगू शकता. त्याच वेळी ‘आमच्यात मुलांना मारतातच’ हे समर्थन ऐकून मान डोलवायची नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेने गेल्या वर्षी घरी पाठवलेली काही मुलं पुन्हा स्टेशनवर सापडली. चुकतं कुठे? (सोलापूर)

उत्तर : मूल सोडायच्या दिवशी फोटो, हार, पेढे होतात आणि त्याच दिवशी फाईल बंद होते, तिथे. मूल ज्या कारणाने निघालं होतं ते कारण घरीच बसलेलं असतं. सावत्र बाप, बापाची दारू, ऊसतोडीसाठी मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. उचल फिटेपर्यंत कोयत्याला हात हवेत, आणि तेरा वर्षांचा मुलगा हे घराला दोन हात दिसतात. उचल किती राहिली आहे हा प्रश्न गृहचौकशीत असलाच पाहिजे; आम्ही तो फार थोड्या अहवालांत पाहिला आहे.

पाठपुराव्याच्या तारखा सोडण्याच्या आदेशातच घालून घ्या. पहिला फोन तिसऱ्या दिवशी, मुलाशी, पालकांशी नव्हे. पहिली भेट पंधरा दिवसांच्या आत, न सांगता. त्या भेटीत एवढंच बघा : मुलाचं नाव शाळेच्या पटावर चढलं का, त्याच्या झोपण्याची जागा कुठे आहे, योजनेचा अर्ज कोणत्या टेबलावर आहे. मग महिन्याला एक, तीन महिन्यांनंतर तिमाहीला, दोन वर्षं. प्रत्येक वेळी सोलापुरातून कोणी जाऊ शकत नाही, म्हणून अंगणवाडी सेविकेचा आणि वर्गशिक्षकांचा नंबर पहिल्याच भेटीत घ्या. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर तरी असतेच, तिच्या पुढच्या बैठकीत विषय मांडा, मात्र मुलाचं नाव आणि पूर्वीची कहाणी चावडीवर जाणार नाही याची काळजी घेऊन. ‘बालगृहातून आलेला’ हा शिक्का बसला की गावात काही हरवलं की पहिलं बोट त्याच्याकडे जातं, आणि मग तो पुढची गाडी पकडतो.

पहिले सहा आठवडे मूल गोड वागतं. त्यानंतर ते भांडतं, उलट बोलतं, अंथरूण ओलं करतं. पालक म्हणतात, ‘बालगृहात बिघडला, परत घेऊन जा.’ हे होणार आहे, असं सोडण्याच्या आधीच पालकांना सांगून ठेवा आणि त्या आठवड्यात समुपदेशकाची भेट आधीच ठरवा. परत आलेल्या मुलांच्या फायली काढून बघा. कितवा आठवडा होता ते मोजा. बहुतेक सहाव्या ते दहाव्याच्या मध्ये सापडतील, आणि त्या काळात तुमच्याकडून एकही फोन गेलेला नसेल.